मांडवात ठेवलेले शब्द

फेब्रुवारी उजाडला की मानपाडा रोडवर दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. स्टेशनरीच्या दुकानाबाहेर सुतळीला टांगलेली परीक्षेची पॅडं, आणि टॉवरांच्या मधे अजून मोकळ्या राहिलेल्या प्लॉटवर उभे राहणारे हळदीचे मांडव. एकीकडे पोरं अपेक्षित प्रश्नांच्या झेरॉक्ससाठी रांग लावतात, दुसरीकडे साउंडवाले टेम्पोतून माणसाच्या उंचीचे स्पीकर उतरवतात. दहावीच्या परीक्षेने आणि लग्नसराईने आमच्याकडे एकमेकींना कधी सुट्टी दिलेली नाही. वीस वर्षं मी या मोसमाला नावं ठेवली. आता मात्र पहिला मांडव दिसला की माझी पावलं भराभर पडायला लागतात आणि क्लासचं कुलूप काढायच्या आधीच मनात शब्दांची यादी सुरू होते.

क्लास म्हणजे तरी काय, पिठाच्या गिरणीवरची एक लांबट खोली. खाली गिरणी सुरू झाली की बाक थरथरतात आणि ज्वारी पडली की गहू, हे मला वासावरून कळतं. मराठी माध्यमाची दहावीची पोरं माझ्याकडे इंग्रजीला येतात. ती मला मॅडम म्हणतात आणि मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण माझा आवाज चढायला फारसं निमित्त लागत नाही. मी स्वतः वाढले ठाण्याला, कोपरीत. वडील कचेरीतून आले की माझ्यापुढे वही टाकायचे. रोज दहा इंग्रजी शब्द, प्रत्येक शब्द दहा वेळा. बोटाला घट्टा पडायचा आणि रविवारपर्यंत शब्द विसरलेले असायचे. तरी पुढे मी शिकवायला लागले तेव्हा पोरांपुढे वहीच टाकली. आपल्याला ज्याचा जाच झाला, तेच आपण दुसऱ्याला किती मनापासून करतो, याचं मला अजूनही हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

मग तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला मोबाइलवरचा शब्दांचा खेळ दाखवला. भिंतीवरच्या टीव्हीवर इंग्रजी शब्द येतो, पोरांच्या फोनवर चार रंगांचे चार चौकोन येतात, प्रत्येकात एक अर्थ, आणि वर उलटं घड्याळ पळत असतं. जो आधी बरोबर चौकोन दाबेल त्याला जास्त गुण. प्रत्येक शब्दानंतर टीव्हीवर नंबर लागतात. मी पहिल्यांदा तो खेळ वर्गात लावला तेव्हा गिरणीवाले काका वर आले, कुणी पडलं का बघायला. एवढा गोंगाट इंग्रजीच्या तासाला माझ्याकडे कधी झाला नव्हता. पोरांनी खेळापुरती टोपणनावं घेतली होती आणि त्यातली निम्मी मी मोठ्याने वाचू शकत नव्हते. मी घरी जाताना अक्षरशः गुणगुणत गेले. चाळीस शब्दांचा एक संच केला होता, तोच महिनाभर रोज खेळलो. महिन्याच्या शेवटी एक मुलगी सोडली तर सगळ्यांना चाळीसपैकी अडतीस, एकोणचाळीस. मला वाटलं, मी जग जिंकलं.

तेच चाळीस शब्द मी एका शनिवारी कागदावर दिले. घड्याळ नाही, चौकोन नाहीत, फक्त शब्द आणि पुढे कोरी जागा. पेपर तपासताना माझा चहा गार झाला. कुणाला सहा, कुणाला नऊ. ओंकार नावाचा आमचा चॅम्पियन, खेळात कायम पहिला. त्याने एका शब्दापुढे प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "मॅडम, हा पिवळा होता." मी त्याला बोलावून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. प्रश्नांचा क्रम आणि उत्तरांच्या जागा रोज बदलत राहाव्यात यासाठी खेळात एक बटण असतं. ते मी कधी दाबलंच नव्हतं. पोरांनी महिनाभर रंग पाठ केले होते. पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा. शब्दाकडे कुणी बघतही नव्हतं. ओंकार म्हणाला की त्याला वाटलं, मॅडमना हेच पाहिजे. मला त्याला ओरडायचं होतं, पण तोंडातून हसूच आलं, आणि मग पोरंही हसत सुटली.

एकच मुलगी हसली नव्हती. हर्षदा. ती त्या वर्गात सगळ्यांपेक्षा वर्षाने मोठी. आदल्या मार्चला दहावीत इंग्रजी गेलं होतं, जुलैला पुन्हा दिलं, पुन्हा गेलं. बाकी सगळे विषय सुटलेले, गणितात तर ब्याऐंशी. खेळात मात्र ती रोज शेवटची. टीव्हीवर नंबर लागले की तिचं नाव तळाला यायचं आणि ती वहीत मान घालून घरांचे नकाशे काढत बसायची, खिडक्या-जिन्यांसकट. तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आमच्या शेतावर सात टॉवर आलेत, मॅडम. आतून कसे उभे राहतात ते मला बघायचंय." इतकं साधं आणि इतकं ठाम उत्तर मला त्या वर्षी कुणी दिलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिचे वडील येऊन गेले होते. या भागातलं जुनं आगरी घराणं, पूर्वी भातशेती, आता सोसायट्यांच्या खाली तीन गाळे. माणूस अदबीने बोलणारा. पोरीवर त्यांचा जीव होता आणि म्हणूनच तिला पुन्हा पुन्हा नापास होताना बघवत नव्हतं. म्हणाले, "मॅडम, हा तिसरा टाइम. आता गेली तर मी तिला बसवनार नाय. एक गाला रिकामा ठेवलाय, लेडीज टेलरचा टाकून देतो." त्यात धमकी नव्हती, हे जास्त वाईट होतं. हर्षदा दाराशी उभी होती आणि तिने काही हरकत घेतली नाही. मार्चपर्यंत मला चार महिने होते आणि माझ्या हातात वही होती आणि एक फसलेला खेळ. तिला वेगळं बसवून मी विचारलं की नेमकं होतं काय. ती म्हणाली, घड्याळ पळायला लागलं की डोक्यातलं सगळं पुसून जातं. परीक्षेतही तसंच झालं होतं, दोन्ही वेळा.

त्यानंतर मी बटणं नीट दाबली, संच बदलले, चित्रं लावली. बाकीची पोरं सुधारली. हर्षदाचे दहा शब्द सोमवारी यायचे आणि गुरुवारी जायचे. मी चिडायची, मग चिडल्याबद्दल तिला वडापाव आणायची, आणि दोघींना काही उपयोग व्हायचा नाही.

फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळी दहाला मी जादा तास ठेवला होता आणि हर्षदाचा मेसेज आला होता की पोटात दुखतंय. समोरच्या प्लॉटवर मांडव होता. सव्वादहाला साउंडवाल्याने 'चेक, चेक' सुरू केलं आणि मग असा काही ठोका सोडला की खिडकीची तावदानं बोलायला लागली. माझं डोकं फिरलं. पोरांना बसा म्हटलं आणि तशीच तरातरा जिना उतरून रस्ता ओलांडून मांडवात घुसले. काय बोलायचं ते पाठ करूनच निघाले होते, परीक्षेपासून पोलिसांपर्यंत.

मी पोचेपर्यंत ठोका थांबला होता आणि आत आवाज जवळजवळ नव्हता. स्पीकर सगळे रस्त्याकडे तोंड करून. मांडवाच्या मधोमध जातं मांडलेलं, त्याला दोरा आणि पानं बांधलेली, आणि भोवती बायका बसलेल्या. ओल्या हळदीचा, अबोलीच्या गजऱ्यांचा आणि मागच्या बाजूला तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास एकात एक मिसळलेला. दोन बायका जातं फिरवत होत्या आणि हिरव्या लुगड्यातली एक वयस्कर बाई, ताठ बसून, डोळे अर्धे मिटून गात होती. ती थांबली की शेजारची मुलगी ओळ उचलायची आणि पुढे न्यायची. ती मुलगी हर्षदा होती. पिवळी साडी, केसांत गजरा, पोटदुखी कुठेच दिसत नव्हती.

मी खांबाला धरून उभी राहिले. गाणं संपेना. एका कडव्यातून दुसरं निघत होतं, देवांची नावं, गावांची नावं, नात्यातली माणसं, झाडं. मग सगळ्या जणी उठून पाटाकडे गेल्या आणि तिथे नवीन गाणं सुरू झालं, त्याहून लांब. हातात कागद नाही, फोन नाही. दहा शब्द गुरुवारपर्यंत न टिकणारी ही पोरगी पाऊण तास अडखळली नाही. वीस वर्षं या गावात राहून मी मांडवात फक्त जेवायला गेले होते. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीने धवलारीण लागते, प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं, एवढी ऐकीव माहिती मला होती. ती बाई गाते तेव्हा काय घडतं, ते मी कधी थांबून बघितलं नव्हतं.

हर्षदाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी रागवायला आले असं तिला वाटलं, आणि खरं म्हणजे आलेच होते. पण मी सरळ त्या बाईंपुढे जाऊन बसले. त्या तिच्या हिराआत्या, पंचक्रोशीत गाणाऱ्या तीन-चार जणी उरल्या होत्या त्यांतल्या एक. मी विचारलं, एवढं सगळं लक्षात कसं ठेवता. त्यांना प्रश्नच कळेना. वाचता येतं का, तर नाही. कुणी पाठ करून घेतलं का, तर नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मना कुठं आठवाला लागतं? जात्याजवल बसली का जात्याचं गानं येतं, पाटाजवल गेली का पाटाचं. मांडवान सगला ठेवलेला हाय."

मी पोरांना वर बसवून आले आहे हे विसरून गेले होते. साउंडवाल्याला काही न बोलता जिना चढले तेव्हा माझं मन इतकं थाऱ्यावर नव्हतं की ओंकारने विचारलं, मॅडम, भांडण झालं का. मी शिक्षकांच्या शिबिरात ही युक्ती ऐकली होती, ओळखीच्या जागेत एकेक गोष्ट मनाने ठेवायची आणि मग फिरून गोळा करायची. तेव्हा मी ती टिपून घेतली होती आणि वही कपाटात टाकली होती. इथे तीच युक्ती समोर बसून हळद दळत होती.

दुसऱ्या दिवशी हर्षदाला फळ्यावर मांडवाचा नकाशा काढायला लावला. नकाशे तर ती काढायचीच. दारातल्या चपला, पहिला खांब, जातं, पाट, पाण्याची कळशी, नवरदेव, वाढणाऱ्या बायका, बेंजोवाला, अशा चोवीस जागा तिने न थांबता मांडल्या. मग आम्ही शब्द ठेवायला लागलो आणि आम्हाला चढलंच. दारात चपला टाकून सगळे आत गेलेले, तिथे 'अबँडन', टाकून देणे. जात्यावर 'एन्शंट', फार जुनं. तोंडाला हळद लावून घेताना मान फिरवणारा नवरदेव, तो 'रिलक्टंट', मनातून तयार नसलेला. नको म्हटलं तरी ताटात तिसरा वडा टाकणारी मावशी 'जनरस', सढळ. दुपारपासून वाजवून खांबाला टेकलेला बेंजोवाला 'एक्झॉस्टेड', पार थकलेला. त्या दिवशी तिला मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. एका बैठकीत चोवीस झाले आणि गुरुवारी तेवीस शिल्लक होते.

माझा उतावळेपणा मला नडणार हे ठरलेलंच. मी दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक जागेवर पाच-पाच शब्द कोंबले आणि सगळा मांडव कोसळला. हर्षदा पुन्हा वहीत मान घालून घरं काढायला लागली. तेव्हा ती स्वतःच मला घेऊन आत्याकडे गेली. हिराआत्या अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या मांडवात इंग्रजी ठेवलं, याचा त्यांना राग येईल अशी मला भीती होती. त्यांनी शब्द आणि त्यांचे अर्थ ऐकले, नवरदेवाच्या शब्दावर खूप हसल्या आणि मग कामाचं बोलल्या. एका जागी एकच गाणं बसतं. दुसरं बसवायचं असेल तर मांडव दुसऱ्या घरचा घ्यायचा. आणि आठवताना पळायचं नाही, देवाला नमस्कार करून निघाल्यासारखं चालत जायचं. हे मी क्लासच्या दारावर लिहून लावावं इतकं सरळ होतं.

मग हर्षदाने या गल्लीतले, त्या आळीतले, मामाच्या गावचे असे एकोणीस मांडव काढले. बाकीच्या पोरांना आपापल्या जागा हव्या झाल्या. कुणी बिल्डिंगच्या मजल्यांवर शब्द ठेवले, कुणी स्टेशनपासून घरापर्यंतच्या दुकानांत. ओंकार गोविंदा पथकात होता, दर वर्षी ठाण्याला टेंभी नाक्याच्या दहीहंडीला जायचा. त्याने थरांमधल्या एकेका पोराच्या खांद्यावर एकेक शब्द चढवला आणि सगळ्यात अवघड शब्द हंडीशी ठेवला. खेळ आम्ही सोडला नाही. मी उलटं घड्याळ बंद केलं, पोरांनी काढलेले नकाशे आत टाकले आणि जागा दाखवून शब्द विचारायला लागले. वेळेचे गुण गेले तशी हर्षदा तळातून वर सरकली. एका बुधवारी तिचं नाव ओंकारच्या वर आलं आणि वर्गाने बाक बडवले. खाली गिरणीवाल्या काकांनी आता वर यायचं सोडलं होतं.

याच दिवसांत तिच्या वडिलांनी गाळ्याला आतून रंग काढला. हर्षदाने ते मला शब्द म्हणता म्हणता मधेच सांगितलं आणि पुढचा शब्द घेतला. मी विचारलं, रंग कोणता. म्हणाली, गुलाबी, मॅडम, टेलरचा असतो तसा. मी लगेच जुन्या पेपरातला एक उतारा तिच्यापुढे ठेवला. कारण शब्द आले म्हणजे पेपर सुटतो असं नसतं, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी ते कटाक्षाने टाळलं आहे. ऊन चढत होतं, उसाच्या गाडीचा घुंगरू वाजत होता, आणि हिराआत्या रिक्षातून उतरल्या. तीन तास आम्ही फुटपाथवर वर्तमानपत्र घालून बसलो. त्यांनी मला विचारलं की आत पोरीसमोर काय असतं. कागद असतो आणि भिंतीवर घड्याळ, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "घड्यालाकडं बघतंय कोन." पोरं भसाभसा बाहेर पडली, ओंकार उड्या मारत गेला. हर्षदा सगळ्यांच्या मागून आली. शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होती. उताऱ्यात एक अनोळखी शब्द आला तेव्हा डोक्यातलं सगळं पुन्हा पुसायला लागलं, असं तिने सांगितलं. मग पेन खाली ठेवलं, चपला काढल्या आणि मांडवात गेली. बाकाखाली खरोखरच चपला काढल्या होत्या. तो शब्द तिथे नव्हता, पण बाकीचे सगळे होते आणि त्यांच्यावरून उतारा लागला.

आता दर वर्षी या दिवसांत माझ्याकडे नवी पोरं नकाशे काढत बसतात. कधी एखादं पोरगं मला विचारतं, मॅडम, तुमचे शब्द कुठे ठेवलेत. मग मी वडिलांच्या वहीबद्दल सांगत नाही. मी त्यांना कोपरीच्या आमच्या चाळीतून हिंडवते, पाण्याच्या पिंपापासून गच्चीवरच्या पापडांपर्यंत. या वयात मी तिथे रोज एकदोन नवे शब्द नेऊन ठेवते आणि मला त्यात इतकी मजा येते की भाजी जळते.

हर्षदाचा निकाल लागला तो दिवस मात्र मजेचा नव्हता. एक वाजता साइट उघडणार होती आणि दीडपर्यंत चक्र फिरत राहिलं. मी तिचा नंबर सतरा वेळा टाकला. पान उघडलं तेव्हा आधी खालचं पास दिसलं आणि मग इंग्रजीचे चोपन्न. मी पुन्हा पुन्हा वाचले. फोन करणार तेवढ्यात तिच्या वडिलांचाच आला. म्हणाले, "मॅडम, त्या डिप्लोमाला काय काय कागद लागतान?"

मी म्हटलं, लिहून घ्या. ते म्हणाले, थांबा, पोरीकडेच देतो. हर्षदा फोनवर आली. मी सांगत गेले, नवी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, आधार, सहा फोटो, अर्जाची प्रिंट. मधे मधे ती फक्त हं म्हणत होती. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, पेन आहे ना हातात. ती नाही म्हणाली आणि आठच्या आठ कागद त्याच क्रमाने मला म्हणून दाखवले, सावकाश, एकही न गाळता.

"कुठं ठेवलेस गं एवढ्यात?" मी विचारलं.

"गाळ्यात, मॅडम. रिकामाच आहे आता."